मांजर हाय का घरात?

काष्टीच्या आठवडे बाजारात उंदरांचं औषध विकणारा एक म्हातारा बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पुडी देण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "मांजर हाय का घरात?"

उंदरांनी आमची बाजरीची पोती फोडली होती आणि मला घाई होती. मी सरळ ठोकून दिलं, "नाही."

त्यानं पुडी माझ्या पिशवीत टाकली, तेवढ्यात त्याची नजर माझ्या पँटकडे गेली. गुडघ्यापर्यंत पांढरे केस चिकटले होते. तो हसला आणि माझ्या पिशवीत हात घालून पुडी परत घेतली.

"ह्ये खाल्लं की उंदीर लगेच मरत न्हाई. त्याचं रगत गोठायचं बंद हुतं, आतल्या आत वाहत ऱ्हातं. तीन-चार दिस त्यो ढिला होऊन हिंडतो. असला उंदीर मांजराला आयताच घावतो, अन् त्येच इख तिच्या पोटात जातं."

मग त्यानं मागून तारेचा पिंजरा काढून माझ्यापुढे ठेवला, आणि दार कसं अडकवायचं ते दोनदा करून दाखवलं.

"तुमच्याकडे आहे का मांजर?" मी विचारलं.

"हुती," पुडी जागेवर ठेवत तो म्हणाला. "उंदरं धरायला लई हुशार हुती."