उल्काबाईंनी सायन्सला पाठवलेली मुलगी

उल्का भागवत सदाशिव पेठेतून रोज स्कूटरवरून बिबवेवाडीला जायच्या आणि महापालिकेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायच्या. याला सव्वीस वर्षं झाली होती. बाई तोंडाच्या फटकळ. वही विसरून आलेल्या मुलाला "स्वतः आलास हेच खूप" म्हणायच्या. पण एखाद्या पोराला विषय कळतोय असं दिसलं की त्याला सोडायच्या नाहीत. शाळा सुटल्यावर तासभर बसवून घ्यायच्या.

अक्षता त्यांतलीच एक. वडील नव्हते. आई चंद्रभागा एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. दहावीला अक्षताला त्र्याण्णव टक्के पडले, शाळेत पहिली आली. मायलेकी पेढे घेऊन आल्या तेव्हा अक्षताच्या हातात आयटीआयचा फॉर्म होता. इलेक्ट्रिशियनचा कोर्स. शेजारचे कचरूकाका खडकीच्या कारखान्यात होते. कोर्स झाला की तिथं शिकाऊ म्हणून घेतात, असं त्यांनी सांगितलं होतं.

"त्र्याण्णव टक्के मिळवून वायरी जोडणार?" बाई म्हणाल्या.

"बाई, दोन वर्सांत हाताला काम मिळतंय," चंद्रभागा म्हणाली. "अन् पोरीलाबी आवड हाय."

"तिची आवड मला कळते. तीन वर्षं शिकवलंय तिला."

अक्षतानं हातातला फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. बाईंनी तिला शेजारी बसवून अकरावी सायन्सचा ऑनलाइन फॉर्म भरला, कॉलेजांचा क्रमही स्वतःच लावला. पहिल्याच यादीत शहरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिचा नंबर लागला. त्या संध्याकाळी बाई घरी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपली एक मुलगी पोचली."

श्रीनिवासरावांनी पेपर खाली केला. "आत्ताशी गाडीत बसलीय," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

पहिलं वर्षभर बाई महिन्याला एक फोन करायच्या. मग कामं वाढली, फोन कमी झाले. बारावीनंतर तिचा फोनच लागेना. मुलं पुढं गेली की विसरतात, असं बाईंनी धरून चाललं. दहावीच्या निरोप समारंभात मात्र त्या दरवर्षी सांगत, "आपली अक्षता आज इंजिनिअरिंगला आहे." हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा तसा समज होता, एवढंच.

गेल्या मे महिन्यात शाळेत प्रणाली नावाची मुलगी पहिली आली. तिच्यासाठी चौकशी करावी म्हणून बाई घराजवळच्याच एका खासगी क्लासमध्ये गेल्या. काउंटरवर निळा टी-शर्ट घातलेली मुलगी कानाला हेडफोन लावून बसली होती. "नमस्कार मॅडम, विद्यार्थ्याचं नाव?" असं विचारत तिनं मान वर केली. ती अक्षता होती.

दोघी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"सुट्टीतलं काम का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. नोकरीच. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स राहिले माझे."

"राहिले? तुझे?"

"कॉलेजात लेक्चर व्हायचीच नाहीत. सगळी मुलं क्लासला. नाव कॉलेजात, शिकवणं क्लासात. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही सहा जण बसायचो. सर यायचे, सहा डोकी बघायचे आणि सेल्फ स्टडी करा म्हणून निघून जायचे. पुस्तक सगळं इंग्लिश. दिवाळीनंतर कधीकधी मी एकटीच असायचे. तेव्हा तर सर दारातूनच परत जायचे."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही फोन केला की आधीच म्हणायचात, 'छान चाललंय ना?' मी हो म्हणायचे."

अक्षताचा आवाज साधा होता. "इथं काम बरं आहे. दिवसभर पालकांना फोन करते. तुमचा मुलगा हुशार आहे, त्याला वाया घालवू नका, असं सांगायचं. सगळ्यांत जास्त ॲडमिशन माझ्या फोनवर होतात. तुम्ही बोलायचात ना, तसंच बोलते मी."

रविवारी बाई बिबवेवाडीत तिच्या घरी गेल्या. चंद्रभागानं चहा केला. लाटून लाटून तिचं उजवं मनगट गेलं होतं. आता तिला केंद्रात भाजी निवडायला बसवत. बाईंनी आयटीआयचा विषय काढला. अजूनही जाता येईल, फॉर्म आपण भरून देऊ, म्हणाल्या.

"तवा जमलं असतं, बाई," चंद्रभागा म्हणाली. "आता तिच्या पगारावर घर हाय." ती रागानं बोलली नाही. रागावली असती तर बाईंना काही उत्तर तरी देता आलं असतं.

मग बाईंनी राहिलेले दोन विषय स्वतः शिकवायचं ठरवलं. अक्षता चार रविवार आली. समोर वही उघडून बसायची, सांगितलेलं गणित सोडवायची, उत्तरही बरोबर यायचं. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "बाई, सगळं कळतंय. पण कळून आता पुढं काय करायचं, ते कळत नाही." पुढच्या आठवड्यात क्लासनं रविवारची ड्यूटी लावली आणि तिचं येणं थांबलं.

त्याच दिवसांत प्रणालीचे वडील अनंत कांबळे शाळेत आले. ते शहरात रिक्षा चालवत. बाईंनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. कॉलेजात काय होतं ते सांगितलं, क्लासशिवाय निभाव लागणं कठीण आहे, हेही सांगितलं. डिप्लोमाचा विचार करा, म्हणाल्या.

कांबळे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुमच्या पेठेतल्या मुलीला एवढे मार्क पडले असते, तर तिला तुम्ही हेच सांगितलं असतं?"

बाईंना खोटं बोलता आलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग आमच्या मुलीलाही नका सांगू."

प्रणालीनं सायन्स घेतलं. अक्षताचंच कॉलेज मिळालं. ऑगस्ट संपता संपता एके दिवशी बाई रजा टाकून तिथं गेल्या. फाटकावर रखवालदारानं नाव लिहून घेतलं आणि वरच्या मजल्यावर सोडलं. हॉलचं दार उघडंच होतं. शंभरेक मुलं मावतील एवढे बाक, वर पंखे फिरत होते, आणि पुढच्या दोन रांगांत मिळून पाच मुलं. फळा कोरा होता. घड्याळात तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती.

प्रणालीनं त्यांना पाहिलं आणि शाळेत उभी राहायची तशी उभी राहिली. बाकीची चौघं तिच्याकडे बघायला लागली.

"बाई, सर येतीलच," ती म्हणाली.

बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. तास संपल्याची घंटा झाली तोवर कोणीही आलं नव्हतं.