वस्तादांनी वर केलेलं बोट

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. वस्तादांचा विषय निघाला की मी त्यांच्या घाटातल्या ड्रायव्हिंगचं कौतुक करायचो. आहुप्याच्या वाटेवर धुक्यात त्यांनी गाडी कशी सावरली ते रंगवून सांगायचो आणि लोक हसले की उठून जायचो. माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट येऊच द्यायचो नाही.

तुम्ही एसटीने फिरला असाल तर अशी माणसं पाहिली असतील. गाडी उभी केली की हा माणूस आधी शेजारच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "तापलीय जरा. घेऊ द्या दम," म्हणायचा. मी त्यांचा कंडक्टर. ते मला मास्तर म्हणायचे, मी त्यांना वस्ताद. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे.

त्यांचा एक नियम होता. एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे सगळ्याच गाड्यांत असतं. पण बाकीचे ड्रायव्हर आरशात बघतात, शेवटचा पाय पायरीवर पडला की निघतात. वस्ताद नाही. एकदा घोडेगावच्या थांब्यावर एका म्हातारीची कोंबड्यांची पाटी टपावर चढवण्यात मी अडकलो. गाडी खच्चून भरलेली. लोक ओरडायला लागले, "वस्ताद, हाणा की गाडी! झोपला का काय?"

वस्ताद स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "मागं काय चाललंय ते मला दिसत न्हाई, मास्तरला दिसतं. मास्तर डबल मारंल तवाच निघायचं."

कोंबड्या चढल्या, मी दोरी दोनदा ओढली, तेव्हा गाडी हलली.

ते रिटायर होऊन शिनोलीला घरी बसले. मी नोकरीतच होतो. एका सकाळी शिनोलीच्या थांब्यावर ते वाकून उभे दिसले. बरोबर वहिनी. आदल्या दिवशी दुपारपासून त्यांना लघवीच झाली नव्हती. घरात सून, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पोट दगडासारखं फुगलं होतं. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. समोरचा दांडा त्यांनी एका मुठीत असा धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. अंगाला नुसता घाम.

त्या दिवशी मी एकही थांबा घेतला नाही. दिसला थांबा की डबल. मागून शिव्या येत होत्या, "ओ मास्तर, आमचं गाव गेलं की राव!" मी डबल मारतच राहिलो आणि ड्रायव्हरला गाडी मंचरला थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी करायला लावली. हा माझा चांगुलपणा वस्ताद पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांनी तो सांगितला की मला नंतर नंतर ऐकवत नसे.

डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा तांब्याभर नव्हे, छोटी बादली भरून लघवी निघाली असं वहिनी सांगत. लघवीच्या वाटेभोवतीची गाठ वाढली होती. ऑपरेशन करावं तर हृदय अधू, भूल सोसणार नाही. म्हणून नळी कायमची राहिली. ठरलेल्या दिवशी जायचं, जुनी काढून नवी घालून यायची.

सिस्टरने समजावलं ते मीही शेजारी उभा राहून ऐकलं होतं. नळीच्या टोकाला आत पाण्याचा फुगा असतो, म्हणून ती ओढायची नाही. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, नाहीतर घाण पाणी उलटं आत जातं. पिशवी गच्च भरू द्यायची नाही. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. नळी मुडपू द्यायची नाही. पिशवीत थेंब येईनासा झाला, पोट दुखायला लागलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर तसंच उठून दवाखाना गाठायचा.

वस्तादांनी मान डोलवली. "समजलं. डिझेलचा पाइप हाय. मुडपला का गाडी बंद."

सिस्टर हसली. वस्ताद हसले नाहीत. त्या दिवसापासून ते घाबरले ते घाबरलेच. घाटात ब्रेक कमी लागत असताना शांत राहिलेला हा माणूस एका नळीला भ्यायला. वहिनींनी त्यांच्या जुन्या खाकी पँटची एक झोळी शिवून दिली, त्यात ती प्लास्टिकची पिशवी असायची. बॉनेटवर ठेवायचे तो हात आता दर थोड्या वेळाने झोळीवर जायचा. "ऊन लागतीय. म्हंजी चालू हाय," असं स्वतःशीच पुटपुटायचे. हाताला ऊब लागली नाही की चेहरा उतरायचा. सकाळी मी घरी डोकावलो की पिशवी दारातल्या उजेडात धरून मला विचारायचे, "मास्तर, गढूळ वाटतंय का? खरं सांगा."

सुरुवातीला पिशवी भरू नये म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं. गाळ धरला, नळी तुंबली, पुन्हा मंचर. सिस्टर रागावली तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "पिशवी भरली का लोकं बघत्यात वो." मग पाणी प्यायला लागले, पण घोट घेताना औषध घेतल्यासारखं तोंड करायचे.

एकदा माझ्याच गाडीत ते चढले. गर्दी होती. शेजारच्या बाईंनी आदराने त्यांची झोळी हातातून घेतली आणि वर फळीवर ठेवायला उचलली. "बाबा, कशाला हातात धरता, वर ठिवते."

"वर नगं! बाई, वर नगं!" वस्ताद एवढ्याने ओरडले, की ड्रायव्हरने ब्रेक मारला. बाई दचकून म्हणाल्या, "आगं बया, अंडी हायती का काय?"

"हां, अंडीच समजा," वस्ताद म्हणाले. गाडी हसली. तेही हसले, पण उतरेपर्यंत झोळी त्यांनी पायाशी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

आता लग्नाचं सांगतो.

माझ्या बायकोला भाऊ नाही. मुलीच्या पाठीमागे मामा म्हणून कोण उभं राहणार, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. ती लहान असल्यापासून वस्ताद तिला भाची म्हणायचे, केबिनमध्ये बसवून शाळेला सोडायचे. लग्न जुन्नरला, मुलाकडच्या दारात होतं. माणसं शिकलेली, ऑफिसात काम करणारी. वस्ताद नवा कोट घालून आले, आणि हातात खाकी झोळी.

मी ती झोळी पाहिली आणि आधी व्याह्यांकडे बघितलं. अंतरपाट धरला जाणार, सगळ्यांच्या नजरा नवरीवर, आणि तिच्यामागे उभ्या मामाच्या हातात लघवीची पिशवी. व्याह्यांच्या बायका कुजबुजतील असं वाटलं.

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. "वस्ताद, तेवढ्या वेळापुरती ही कमरेला खोचली तर? कोटाखाली?"

ते घाबरले. "वर नगं म्हणल्यात सिस्टर. उलटं येतं."

"रिकामी करू. आणि नळी बांधून टाकू, म्हणजे उलटं-सुलटं काहीच नको. अक्षता पडल्या की मी लगेच सोडतो."

वस्तादांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "तुमी डबल माराल तवा सोडायची. बरं."

तिकिटांच्या गठ्ठ्याला लावायची रबरं माझ्या मनगटात कायम असायची. नोकरीने लावलेली सवय, लग्नाच्या दिवशीही ती होतीच. मी नळी दुमडली आणि रबराचे वेढे घट्ट दिले, गठ्ठा सुटू नये म्हणून देतात तसे. पिशवी कोटाखाली खोचली. मामा रुबाबदार दिसायला लागले.

लग्न लांबलं. आपल्याकडे लांबतंच. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी नाचत राहिली. मग कुणी पाहुणे यायचे राहिले. उन्हाळ्याची दुपार, आणि वस्ताद बिचारे सिस्टरचं ऐकून सकाळपासून पाणी प्यायलेले. शेवटी मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. व्याह्यांनी माझा हात धरला आणि कुणाकुणाची ओळख करून द्यायला नेलं.

तेव्हा मी मांडवाच्या त्या टोकाला पाहिलं. वस्ताद एका खुर्चीवर बसले होते. खुर्चीचा हात त्यांनी मुठीत धरला होता. ती मूठ मी ओळखली. मंचरच्या गाडीत दांडा धरला होता तीच मूठ. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं.

एक बेल. थांबा.

माझ्यासमोर व्याही कुठल्याशा साहेबांना सांगत होते, "हे आमचे नवे पाहुणे." मी नजर काढून घेतली, साहेबांना नमस्कार केला आणि वळून पंगतीकडे गेलो. जाऊन रबर सोडायला कितीसा वेळ लागला असता? पण मांडवात सगळ्यांदेखत त्यांना उठवून न्यायचं, कोणी विचारलं तर सांगायचं काय, हे माझ्या मनात आलं. एवढंच आलं. हात जोडत जोडत मी पुढे गेलो.

वस्ताद बसून राहिले. रबर त्यांच्याच कमरेशी होतं, हात त्यांचे होते. पण माझी दुसरी बेल पडली नव्हती.

वहिनी ओरडल्या तेव्हा मी धावलो. ते खुर्चीतून घसरले होते. चार बायकांनी पदर धरून आडोसा केला, वहिनींनी कोट उघडला आणि रबर दाताने तोडलं. नळीतून आलं त्यात रक्त होतं. "कुणी बांधलं हे? वो, कुणी बांधलं?" वहिनी रडत विचारत होत्या.

मी तिथेच उभा होतो. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या," ते म्हणाले. "लाज वाटली म्हणून म्याच बांधलं."

संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरून ताप चढला, मंचरला नेलं. विष रक्तात गेलं असं डॉक्टर म्हणाले. सिस्टर त्यांना माझ्यासमोर बोलली, "बाबा, एवढं समजावलं होतं. असा अडाणीपणा करतात का?" वस्ताद म्हणाले, "चुकलं माझं." मी डबा हातात घेऊन उभा होतो. सगळ्या पाहुण्यांत तेच पसरलं, म्हातारा लाजेपायी जीव घालवणार होता. माझी मुलगी अजून म्हणते, मामांनी उगाच हट्ट केला. ती हे वाचेल. वाचू दे. हट्ट माझा होता.

ते त्यातून उठले, पण अर्धेच. पुढे मी रजेच्या दिवशी शिनोलीला जायचो. हात धुऊन त्यांची पिशवी रिकामी करायचो, पुन्हा खाटेच्या खालच्या बाजूला अडकवायचो. ऊब लागते का ते आता मीच हात ठेवून बघायचो. आम्ही पाऊसपाणी बोललो, नव्या गाड्या बोललो. लग्न बोललो नाही. वहिनी चहा ठेवायला आत जायच्या, मी "वस्ताद," म्हणून तोंड उघडायचो आणि ते विचारायचे, "काय, भरली का?"

फक्त एकदा त्यांनीच विषय काढला. डोळे मिटलेले होते. "मास्तर, त्या दिशी म्या एक बोट दावलं व्हतं. गर्दीत तुमाला दिसलं नसंल."

ते विचारत नव्हते. मला वाट करून देत होते. आणि मी म्हणालो, "नाही वस्ताद. दिसलं असतं तर धावत आलो नसतो का?"

"तेच म्हणलं," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "मागचं मास्तरलाच दिसतं, पर येखांद्या टायमाला त्याला बी दिसत न्हाई."

ते गेले तेव्हा मी ड्युटीवर होतो. पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. दारात दोरीवर ती खाकी झोळी धुऊन वाळत घातली होती. आता वहिनीही नाहीत. एवढे दिवस मी जे वाक्य घेऊन शिनोलीला जायचो आणि तसंच परत आणायचो, ते आता ऐकायला तिथे कोणी नाही.

वस्ताद, मला दिसलं होतं.