मुदत बघून द्या

एकाच वेळी इतक्या ठिकाणी हजर असलेला माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. येरमाळ्यापासून जळकोटपर्यंत औषधाच्या झाडून साऱ्या दुकानांत त्यांनीच केलेलं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर सुरू केला की त्यातून त्यांचा ऐन तिशीतला खणखणीत आवाज निघे, "राम राम. मुदत बघून द्या." एखादं औषध मुदतीबाहेर गेलेलं असलं तर तोच आवाज असा दरडावे, की गिऱ्हाईक दचकून मागं वळून बघे.

पण सगळ्यांना विकून झाल्यावर विकायचं कुणाला? दुकानदार म्हणत, मामा, तुमचं बिघडतच न्हाय, मग नवं कशाला घ्यावं? मामांनी रंग बदलला, पडद्यावर तिथी आणली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. कुणाचा पोरगा फार्मसी पास झाला की त्याच्या सख्ख्या मामाआधी हे पेढे घेऊन हजर. त्यांची भाची मला दिली तीसुद्धा मी तेरला दुकान टाकणार होतो म्हणूनच, असा माझा अजून संशय आहे.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि मामांचा आवाज कायमचा गेला. त्याच सुमारास मोबाइलवरचं फुकट ॲप आलं, आणि एकेक दुकान गप्प होत गेलं. पूर्वी, गेलेली लाईट आली की कॉम्प्युटर आपसूक सुरू होऊन तेरच्या पेठेत ओळीनं सगळ्या दुकानांतून मामा बोलायचे. भर दुपारी अंगावर काटा यायचा. आता फक्त माझ्याकडं बोलतात. लाईट जायच्या वेळेला मामा बसनं येतात आणि अंधारलेल्या दुकानात स्टुलावर बसून राहतात. लाईट येते, तिशीतला माणूस बोलतो, आणि समोर साठीतले ओठ तंतोतंत तसेच हलतात. मला खरंच भीती वाटते, आणि त्यांची लई मायाही येते.

घाऊकवाले आता ॲपवरच ऑर्डर घेतात, म्हणून मीही ते गुपचूप घेतलं. मामांना कळायचं ते कळलंच. परवा त्यांनी औषधाच्या रिकाम्या पाकिटावर लिहून दिलं, "काढायचं तर काढा जावईबापू. निस्तं बंद करताना म्या इथं नसावं."

मी काही बोलणार तेवढ्यात लाईट आली. "राम राम," कॉम्प्युटर म्हणाला. या वेळी मामांचे ओठ हलले नाहीत. दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं ते ऐकत राहिले, आणि मग हात जोडून त्यांनी त्या आवाजाला राम राम केला.