पिशवीवरचं फूल

तिसऱ्यांदा ओकली तेव्हा तिच्या तोंडातून नुसतं पाणी आलं, आणि ती आमच्या स्टॉलच्या बांबूला धरून खाली बसली. मुरबाडच्या रानभाजी महोत्सवाचा तो दुसरा दिवस. ती माझ्या शेजारची सून, बावीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी सोलापूरकडून लग्न होऊन आलेली. पहाटेपासून जुलाब होते, घशात आग होती. काल काय खाल्लंस, असं मी दोनदा विचारलं.

"मावशी, तुमच्या पिशवीवरचीच भाजी केली की. बांधावर त्याच फुलाचा वेल होता. खाली रताळ्यासारखा कंद निघाला, तो उकडला."

पिशवीवर कळलावीचं फूल होतं. कळलावीचा कंद म्हणजे विष. ते फूल पिशवीवर घालायला मीच लावलं होतं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मुरबाड आणि शहापूरच्या बचत गटांनी मिळून श्रावणात महोत्सव भरवायचा ठरवला. चित्रं काढणारी एक मुलगी कल्याणहून आली. बॅनर, पिशव्या, बिल्ले, सगळ्यांवर एकच चिन्ह आणि एकच रंग असला तर लोकांच्या लक्षात राहतं, असं तिचं म्हणणं. ते पटलं. ज्येष्ठ होता, रानात शेवळं निघाली होती, म्हणून तिनं आधी शेवळाचं चित्र काढलं. जमिनीतून सरळ वर आलेला तो दांडा कागदावर मोठा करून दाखवल्यावर कमिटीतले पुरुष खिडकीबाहेर बघायला लागले आणि बायांनी तोंडाला पदर लावला. मुलीला काही कळेना. शेवटी मीच सांगितलं की हे बाजारात टांगता यायचं नाही.

मग टाकळा काढला, तो भुईमुगासारखा दिसला. कुर्डू काढला, तो गवतासारखा. मी म्हणाले, कळलावीचं फूल काढ. लाल-पिवळं, ज्वाळेसारखं, लांबून दिसतं. तिनं काढलं आणि सगळ्यांना आवडलं. वैशाखरे गावची एक म्हातारी तेवढी बोलली.

"ती कुठं खातात गो?"

"चिन्ह हाय ते. चिन्ह कोन खातंय?" मी म्हणाले.

"तू चौथी शिकलीस. तुलाच जास्त कळायचं."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

आमच्याकडे कळलावी पोरांनाही माहीत असते. बाळंतपण अडलं की सुईण तो कंद उगाळून तळपायाला लावायची, तेवढाच त्याचा उपयोग. भांडणं लागतात म्हणून घरात कुणी आणत नाही. ज्याला यातलं काहीच माहीत नाही असा माणूस ती पिशवी हातात धरील, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. शेजारणीला पिशवी पहिल्या दिवशी मीच दिली होती. तिचा नवरा एसटीत कंडक्टर, तो मुक्कामाच्या गाडीवर. सासू शहापूरला लेकीकडे. म्हणून कंद तिनं एकटीनंच खाल्ला.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लंय. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि फुलावर बोट ठेवलं. त्यानं नळी घातली, सलाइन लावलं आणि कल्याणला न्यायला सांगितलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"मावशी, मी मरते का?"

"माहीत नाय," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

कमिटीतल्या एकाचं म्हणणं पडलं की तिनं स्वतः खणून खाल्लं, आपला काय दोष, गवगवा करू नका. मी त्याला म्हटलं, मग तो बॅनर तुझ्या घरावर लाव. तिसऱ्या दिवशी आम्ही बायांनी उरलेल्या पिशव्यांवरच्या फुलांवर लाल मातीची काव फासली. दिलेल्या पिशव्या परत मागायला मी गावात दारोदार फिरले. काहींनी दिल्या. काहींनी त्यात तांदूळ भरून ठेवले होते, त्यांना फूल दाखवून सांगितलं.

चित्रवाली मुलगी रडत आली. तिला म्हटलं, चित्र बरोबर होतं, डॉक्टरनं त्यावरूनच ओळखलं. चुकलं ते माझं. पुढच्या वर्षी तिनं भारंगी काढली, पण आधी प्रत्येक बाईला विचारलं, तुम्ही ही घरी शिजवता का. हो म्हणाल्यावरच रंग भरला.

शेजारीण आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. मग केस मुठीमुठीनं गळले. या विषानं गळतात, परत येतात, असं डॉक्टर म्हणाले. तिची सासू माझ्याशी वर्षभर बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

केस परत आले. ती वाचली.