काकांची थंडीतली चौकशी

पांढुर्ण्यात माझ्या मोठ्या काकांइतका निर्लज्ज माणूस दुसरा झाला नाही. थंडी पडली की त्यांच्या निर्लज्जपणाला ऊत यायचा. ओसरीत नागपूरहून आणलेला थर्मामीटर टांगलेला असे. सकाळी पारा दहाच्या खाली दिसला की काका कानाला मफलर गुंडाळून बाहेर पडत आणि मिसरूड फुटू लागलेलं जे पोरगं दिसेल त्याला भर रस्त्यात अडवून विचारत, "काबे, खाली गोट्या दुखून तर नाही राहिल्या?" पोरगं लाजेनं अर्धमेलं व्हायचं. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या धाकट्या भावाला हेच विचारलं आणि वरपक्ष ताटावरून उठता उठता राहिला. हेडमास्तर घरी तक्रार घेऊन आले, तर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही भूगोल शिकवा. तुम्हाले जे शिकवता येत नाही ते मी शिकवून राहिलो." मामाकडे आलेल्या, सौंसरच्या एका दुकानदाराच्या मुलानं मात्र त्यांना "हो, दुखतं" असं खरं उत्तर दिलं. काकांनी मामा-भाच्याला त्याच पावली नागपूरच्या गाडीत बसवलं आणि पोरगं निभावलं. बापानं आभार मानले नाहीत. सासुरवाडीला आला आणि काका दिसले, की तो दुसऱ्या गल्लीनं जायचा.

ही चौकशी सुरू होण्याआधी हेच काका बेंबी बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. पोट दुखलं म्हणजे बेंबी सरकली, ही आमच्याकडची पक्की समजूत. तिगाव, लोधीखेड्याहून माणसं येत. काका त्यांना उपाशीपोटी उताणं निजवत, तेल चोळत, बेंबीवर पेटती पणती ठेवून वरून लोटा उपडा घालत. लोटा पोटाला घट्ट चिकटला की बेंबी जागेवर आली असं समजायचं.

मी तेरा वर्षांचा असताना, कडाक्याच्या थंडीत, पहाटे माझ्या एका वृषणात कळ उठली. आईला सांगितलं, "पोट दुखून राहिलं." काका आले. "कुठं?" मी बोट बेंबीवर ठेवलं. आईसमोर खरी जागा दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं वाटलं. काकांनी तीनदा लोटा लावला. मला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे दुपारच्या गाडीनं नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आतली शीर पिळली गेली होती. सकाळीच आणलं असतं तर वाचवता आलं असतं. थंडीत अशी मुलं जास्त येतात." मेलेलं वृषण काढून टाकावं लागलं.

काकांनी लोटा पुन्हा कुणाला लावला नाही. यानंच पुतण्याचं वाटोळं केलं, असं गाव म्हणू लागलं. आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेही विचारणाऱ्याला सांगत, "माह्याच हातानं झालं." मी शेजारी उभा असायचो आणि तोंड उघडत नसे. खोटं मी बोललो होतो, शिव्या ते खात होते. आजही मला स्वतःची चीड येते.

पाच हिवाळ्यांनी काका अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी धीर केला. "काका, त्या दिवशी माझी बेंबी दुखत नव्हती. मी खोटं बोट ठेवलं होतं."

काका म्हणाले, "मले माहीत होतं बे. दुसऱ्या हातानं तू कुठं धरून होता ते मी पाह्यलं होतं. पण तुही माय समोर उभी होती. मले विचारायले लाज वाटली."

मी त्यांचा हात धरून बसलो. आठवडाभरात ते गेले. आई त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही, आणि तिला हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.