आतला संगणक आणि रुक्माक्काचं आंबट वरण

तुमचं घर कधी हरवलंय का हो? म्हणजे तुम्ही घरातच खुर्चीवर बसलाय, शेजारी चहाचा कप आहे, आणि डोळ्यांदेखत घर नाहीसं! माझं हरवलं. इथेच, तमिळ मुलखातल्या आवडी गावात, आमच्या कारखान्याच्या क्वार्टरमधे, भर दुपारी. आणि चोर दुसरा कुणी नाही, मीच.

थांबा, नीट सांगते. आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघायची होती. मजकूर टाईप करायचं काम माझ्याकडे. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, पण मराठी टायपिंग मी मन लावून शिकलेय. कविता, लेख, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे रुक्माक्काच्या पाककृती.

रुक्माक्का आमच्या मागच्या गल्लीत राहते. ऐंशी उलटलेली. घराणं तंजावरकडचं, कितीतरी पिढ्यांपासूनचं. बोलते मराठी, लिहिते तमिळ. तिच्या आईचे पदार्थ कुठेच लिहिलेले नव्हते. ती सांगत गेली आणि मी टाईप करत गेले. जगात त्यांची प्रत एकच, आमच्या संगणकात! "सांभाळ गे शोभा, आई माझी दिली तुझ्याकडे," असं म्हणाली होती.

आता अडचण अशी की मैलापूरच्या छापखान्याला जुनाच मराठी फाँट लागतो, आणि तो फाँट आमच्या नव्या संगणकावर चालत नाही. मग माझी लेक मुग्धा, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिने रविवारी येऊन एक अजबच उद्योग केला. संगणकाच्या पोटात दुसरा, जुना संगणक बसवला! खरा नाही हं. एक चौकोन उघडायचा, त्यात तो सुरू होतो. बाहेर आपला नेहमीचा, आत तो म्हातारा.

पण चौकोन होता पोस्टकार्डाएवढा. शिवाय बाहेरचा मजकूर आत जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना पेन ड्राईव्ह घेऊन मैलापूरला जायचं होतं. मी मुग्धाला फोन लावला.

"आई, आतल्याला मदतनीस प्रोग्राम घालायचे राहिले. तू घाल, सोपं आहे. वरच्या मेन्यूत सीडी घाला असं दिसेल, ते दाब."

"सीडी? अगं, आपल्या संगणकाला सीडीची फट तरी कुठे आहे?"

"तीपण खोटीच सीडी आहे गं!"

खोट्या संगणकात खोटी सीडी. घाम तेवढा खरा.

"मग पुढे पुढे म्हणत जा. तो बंद होऊन परत सुरू होईल. मग मी रविवारी दाखवलेल्या दोन कळा एकदम दाबल्या की तो मोठा होईल. आणि मेन स्विच अजिबात बंद करू नकोस हं, आतलं बिघडेल. माझी मीटिंग आहे, ठेवते!"

मी देवाचं नाव घेतलं आणि पुढे पुढे म्हणत गेले. आतला बंद झाला, सुरू झाला. दोन कळा दाबल्या. मधेच काहीतरी इंग्रजी सूचना आली. आपण काय करतो अशा वेळी? वाचतो का? मी ओके केलं.

आणि घर गेलं.

सगळा पडदा त्या जुन्या संगणकाने भरला. एक निळं मैदान आणि कोपऱ्यात केराची टोपली. बाकी काही नाही! आमचा महाबलीपुरमचा फोटो नाही, मुग्धाचे फोल्डर नाहीत, स्मरणिका नाही. रुक्माक्काची आई नाही!

आतल्याने बाहेरचं गिळलं होतं. मदतनीस म्हणून ज्याला घरात घेतलं, त्याने घरच बळकावलं. मी केराची टोपलीसुद्धा उघडून पाहिली. रिकामी.

स्विच बंद करावा? नको, बिघडेल. दुसरी कळ दाबावी? आता हात लावायची छाती कुणाची! हात मांडीखाली घालून बसले. तेवढ्यात मुग्धाचा फोन.

"आई, झाला मोठा?"

"झाला."

"आतलं सगळं नीट दिसतंय?"

"आतलंच दिसतंय."

"म्हणजे जमलं की! बघ, उगीच घाबरत होतीस. माझी आई किती हुशार!"

आता तुम्हीच सांगा, ह्यानंतर कोणती आई खरं बोलेल? मी म्हटलं, "जेवलीस का?"

मग ठरवलं की सगळं पुन्हा टाईप करायचं. मंडळाच्या चिटणीस काकांना फोन केला.

"काका, तुमच्या कवितेचा कागद आहे का हो? एक ओळ तपासायची होती."

"कोणती ओळ, वहिनी?"

"…सगळ्याच."

काकांच्या सगळं लक्षात आलं. मग म्हणाले, "पाठवतो. नाहीतरी मला चार कडवी वाढवायचीच होती." आणि त्यांनी बहुतेक सगळ्या मंडळाला कळवलं असावं. कारण तासाभरात माझ्या मोबाईलवर लेखांचे फोटो यायला लागले, आणि प्रत्येक लेख आधीपेक्षा लांब!

पण रुक्माक्काचं काय? तिच्याकडे कुठला कागद?

ती आपणहूनच आली. डब्यात मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, घेऊन. माझं तोंड बघून दारातच थबकली.

"अय्यो, कां गे अशी बसलीस?"

मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. ती खुर्चीवर टेकली. पडद्यावरच्या त्या निळ्या मैदानाकडे बराच वेळ बघत राहिली.

"सगळं गेलं?"

"सगळं, अक्का."

"आंबट वरणपण?"

"तेपण."

तिने डबा टेबलावर ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "परवाइल्ले. जाऊं दे. लिही."

आणि सुरू झाली की! मी त्या जुन्या संगणकातच थेट टाईप करायला लागले.

"पुळी घे, कोंजम."

कोंजम म्हणजे थोडी, पुळी म्हणजे चिंच, एवढं मला इतक्या वर्षांत येतं. "पण अक्का, थोडी म्हणजे किती? मागच्या वेळी लिंबाएवढी म्हणाली होतीस."

"मागे लिंबाएवढी. आज आवळ्याएवढी."

"पण खरी कोणती?"

"घरांत माणसं किती त्यावर गे! आई माझी दारांत चपला मोजायची, मग चिंच भिजवायची."

हे मागच्या वेळी कुठे सांगितलं होतं तिने? तेव्हा मी घाईत होते, "पुढे काय, पुढे काय" करत होते. आज मला घाई करायला तोंडच नव्हतं. त्यामुळे चपलाही आल्या, चुलीजवळ बसणारी मांजर आली, आंबट वरण उतू गेलं म्हणून रुसलेले तिचे वडील आले.

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "आपला फोटो कुठे गेला?"

"जरा आवरलं."

"एवढं?"

अक्काने त्यांना मुरुक्कू दिला. हेही बसून ऐकायला लागले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "आज जेवायला ह्यातलं काही आहे, की नुसतं ऐकायचंय?" तेव्हा कुठे मला आठवलं की मी कुकरसुद्धा लावलेला नाही. शेवटी आंबट वरण अक्कानेच केलं. दारातल्या चपला मोजून.

ती निघाली तेव्हा पाया पडले. "जाऊन येतें," म्हणाली. काम राहिलंय म्हणून ह्यांनी छापखान्याकडून एक दिवस मागून घेतला. पण रात्री मला झोप नाही. पाककृती परत मिळाल्या, पण मुग्धाचे शाळेपासूनचे फोटो? त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला आणि मी रडतच सगळं कबूल केलं. ती आधी घाबरली, मग हसायला लागली. "आई, काही गेलं नाही गं! आतला फक्त पुढे उभा राहिलाय, सगळं त्याच्या मागे आहे. ज्या दोन कळांनी आत गेलीस, त्याच पुन्हा दाब. ती सूचना आली होती ना, तिच्यात हेच लिहिलेलं असतं!"

मी दाबल्या. महाबलीपुरमचा फोटो, मुग्धाचे फोल्डर, स्मरणिका, लिंबाएवढी चिंच, सगळं जागच्या जागी होतं.

तेवढ्यात बेल वाजली. रुक्माक्का दारात उभी होती, आंघोळ करून, डोक्यात मोगरा माळून. "अजून गेलेलंच आहे ना गे? दोन पदार्थ राहिले काल."

मी त्या दोन कळा पुन्हा दाबल्या आणि तिला खुर्ची दिली.