विजयाक्कांचा बुधवार

माधवनगरच्या मिलच्या चाळीत तान्हं पोर कसं वाढवावं हे विजयमालाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःला पोर नव्हतं, त्यामुळं तिच्या ज्ञानाला कुठं अडथळाच येत नव्हता.

साताऱ्यातल्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. मॅट्रिक झाली आणि मिलमध्ये सुताला खळ लावायच्या सायझिंग खात्यात असलेल्या नानासोंशी लग्न होऊन इकडं आली. वर्षं गेली. नवस झाले, सांगलीचे डॉक्टर झाले, मिरजेचे झाले. शेवटी तिनं पदर खोचला आणि महिला मंडळ काढलं. मंडळाचं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे बुधवार. त्या दिवशी दुपारी देवळाशेजारच्या खोलीत चाळीतल्या आया तान्ही पोरं घेऊन जमत आणि विजयमाला खुर्चीवर बसून एका सेल्युलॉइडच्या बाहुलीला न्हाऊ घालून दाखवी. बाळाला तीन-तीन तासांनी, घड्याळ बघून पाजायचं. रडलं की लगेच उचलायचं नाही, सवय लागते. झोळी नको, काजळ नको, बाळगुटी तर अजिबात नको. बाहुली हे सगळं निमूट ऐके. बायकाही ऐकत.

"व्हय आक्का, तुमी सांगितल्यापास्नं आमी तसंच करतो," म्हणत माना डोलावत.

घरी आल्यावर विजयमाला नवऱ्याला सांगे, "सुधारतायत हो बायका."

"सुधारणारच की," नानासो पेपरातून डोकं वर न काढता म्हणत.

पंच्याहत्तर साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिला पित्ताचा त्रास सुरू झाला. आलेपाक खाऊन जाईना, म्हणून सांगलीला दाखवलं, तर डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. बाळंतपणाला ती साताऱ्याला गेली आणि मुलगी घेऊन परत आली. नाव ठेवलं वृषाली. चाळीनं साखर खाल्ली. सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि थोडी उत्सुकताही होती.

वृषालीनं आईचं एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. पाजायची वेळ झाली की ती झोपलेली असे आणि वेळ नसली की घर डोक्यावर घेई. खाली ठेवलं की रडे, उचललं तरी रडे. पहिल्या आठवड्यात विजयमालानं नियमाप्रमाणं तिला रडू दिलं. मग नानासोंनी उठून मुलीला खांद्यावर घेतलं. विजयमालानं त्यांच्याकडं रागानं बघितलं आणि लगेच दार लावून घेतलं, कुणी बघायला नको म्हणून. चाळीच्या भिंती पातळ, सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं. पण कुणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

शेजारच्या अंजनाला पहिलाच मुलगा झाला होता. पोरसवदा बाई, ती नळावर विचारी, "आक्का, बुधवारी येनार न्हवं? तुमच्याबिगर बरं वाटत न्हाई."

"बाळाला जरा सर्दी आहे गं," विजयमाला म्हणे. वृषालीची ही सर्दी बुधवारी सकाळी येई आणि संध्याकाळी जाई.

एका बुधवारी मात्र तिनं मनाचा हिय्या केला. मुलीला नवं झबलं घातलं, पावडर लावली आणि निघाली. कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. देवळाचा कळस दिसला आणि वृषालीनं गळा काढला. असली रडकी पोर घेऊन त्या खोलीत शिरायचं? विजयमाला जागच्या जागी वळली आणि समोर दिसेल त्या दारात घुसली. ती निघाली पिठाची गिरणी. पट्टा धडधडत होता, पत्रे थरथरत होते, आणि त्या गदारोळात वृषाली एकदम गप्प झाली. डोळे मिटून झोपलीसुद्धा.

पुढच्या बुधवारी विजयमाला पुन्हा गिरणीतच जाऊन बसली. घरी आली तेव्हा मायलेकी पिठानं पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

नानासोंनी दोघींना खालपासून वरपर्यंत बघितलं. "आज मंडळात भाकरी थापायला शिकवलं काय?"

"हो," विजयमाला म्हणाली.

तिसऱ्या खेपेला हरणाबाई जोंधळ्याचा डबा घेऊन गिरणीत आली. ही चाळीच्या टोकाला राहायची. वयानं विजयमालाएवढीच, पण तिच्या काखेत पाचवं होतं. पोत्यांमागं बसलेल्या विजयमालाला बघून ती थबकली. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "आक्का, दळन कुठाय तुमचं?"

"दळण... येतंय मागनं."

हरणाबाईनं पोरीकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि डबा तिथंच ठेवून आक्काचं मनगट धरलं. "चला."

विजयमाला मंडळाच्या खोलीच्या दारात दिसताच आत एकच धांदल उडाली. अंजनानं मांडीवर झोके घेणारं पोर झटकन चटईवर ठेवलं. कुणी पदरानं पोराच्या डोळ्यातलं काजळ पुसलं, कुणी गुटीची सहाण पिशवीत सारली. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत झोळी बांधली होती आणि तिच्यापुढं दोघी पाठ लावून उभ्या राहिल्या. झोळीतलं पोर पाय बाहेर काढून खेळत होतं.

गिरणीचा आवाज मागं पडल्यामुळं वृषाली जागी झाली होती आणि आता तिनं भोंगा सुरू केला. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. विजयमाला खुर्चीकडं न जाता भिंतीला टेकून चटईवर बसली आणि पदराखाली घेऊन मुलीला पाजायला लागली.

अंजनानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तिला खरंच काळजी वाटली. "आक्का, वेळ झाली का हो?"

"ते घड्याळ बंद पडलंय," विजयमाला म्हणाली. घड्याळ सगळ्यांच्या देखत टिकटिकत होतं.

हरणाबाईला आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मग कुणी काही विचारलं नसताना एकेकीनं सांगून टाकलं. घड्याळ बघून कुणीच पाजत नव्हतं. रडणारं पोर कुणी खाली ठेवत नव्हतं. गुटी सगळ्याच देत होत्या.

हसून हसून झाल्यावर विजयमालानं विचारलं, "मग इतकी वर्षं माना कशाला डोलावत होता?"

हरणाबाई सरळ बोलणारी बाई, तिनं सांगितलं. "तुमाला पोर न्हवतं, आक्का. तुमी लय जीव तोडून सांगत हुता. म्हनलं, बाईचं मन कशाला मोडा."

विजयमाला उठली आणि मुलीला घेऊन घरी आली. आपण चाळीला काहीतरी देतोय अशी तिची समजूत होती. चाळच तिला देत होती, दर बुधवारी, न चुकता, आणि तेही तिच्या लक्षात येऊ न देता. ती नानासोंवर उखडली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक हुतं," नानासो म्हणाले. "तू खूश हुतीस की."

पुढच्या बुधवारी तिनं आतून कडी घातली. मंडळाचा राजीनामा लिहायला घेतला, पण मायना लिहून होईस्तोवर वृषाली उठली आणि तो तसाच राहिला.

दोन-चार दिवसांनी अंजना दारात आली. पोर काखेत, केस विस्कटलेले, डोळे रडून लाल झालेले. "आक्का, ह्यो काल सकाळपास्नं नुसता कुरकुरतोय. अंगात ताप न्हाई, पोट बी बरं हाय. तुमची बी अशीच करती का?"

विजयमालाला आजवर शेकडो प्रश्न विचारले गेले होते. प्रत्येकाचं उत्तर तिनं दिलं होतं. असं कुणी विचारलं नव्हतं.

"अश्शीच करते," ती म्हणाली. "काय करावं काही कळत नाही बघ."

अंजनाचा चेहरा उजळला. ती उंबऱ्यावरच बसली आणि दोघींनी दोन्ही पोरांची मनसोक्त निंदा केली. त्यानंतरच्या बुधवारी दोघी मिळून मंडळात गेल्या. दोन्ही पोरं दारापासूनच किंचाळत होती, पण विजयमाला वळली नाही. काजळावरून मात्र तिनं हरणाबाईशी कडाक्याचं भांडण केलं, कारण काजळाबद्दल आपलंच खरं आहे असं तिला अजूनही वाटत होतं. यावेळी हरणाबाईनं मान डोलावली नाही, चांगली तासभर भांडली. विजयमाला घरी आली ती फार खुशीत.

थंडी सरल्यावर सगळ्याजणी पोरं घेऊन सिटी बसनं सांगलीला, कृष्णेच्या घाटावर निघाल्या. बस सुटते न सुटते तोच वृषालीनं आरोळी ठोकली. तिचं ऐकून अंजनाच्या पोरानं सूर लावला, मग हरणाबाईच्या, मग सगळ्यांनीच. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून कपाळाला हात लावत ओरडला, "आवं, ह्या रडक्यांची पुढारी कोनाची?"

विजयमालानं हात वर केला. "माझी," ती म्हणाली, आणि तिचं अर्धं तिकीट मागू लागली तेव्हा कंडक्टरनं नुसते हात जोडले.